काठावरची चार पानं

हॅलो? … हॅलो, तक्रार विभाग ना? हे बघा, आज तिसरा दिवस आहे, आणि तुम्ही मला दर वेळी ते गाणं ऐकवून… कोण? … ताई! अगं तू होय! मला वाटलं ते नेटवाले. सकाळपासून चार वेळा फोन लावला त्यांना, दर वेळी म्हणतात आम्हीच करतो.

ओरडू नकोस. आधी ओरडू नकोस. … हो, मोबाइल बंद आहे. … बंद म्हणजे कायमचाच. परवा तलावात पडला. … आईला डबा द्यायला गेले होते, काठावर जरा वाकले आणि खिशातून सुळकन… हसू नकोस! … हो, माहितीये, घरात पोहायला न येणारे दोघंच, मी आणि माझा मोबाइल. झालं हसून?

नेट नाही गं. रस्ता खणलाय. फाटकासमोर हा एवढा खड्डा, त्यात नेटची तार तुटली. अख्ख्या गल्लीचं गेलंय. सकाळपासून त्यांचा एक माणूस खड्ड्यात उतरून जोडतोय, दर वेळी म्हणतो झालंच. … हा फोन चालतोय कारण याची वायर खांबावरून येते. याला तू डबडं म्हणायचीस ना? तेच डबडं आज कामाला आलं.

किती वाजले? … सव्वातीन. … हो, चारला छापखान्यात फाइल द्यायचीये. उद्या आईचा निरोपसमारंभ, तीनशे माणसं येणार, प्रत्येकाच्या हातात पुस्तिका. मला काय नव्याने सांगतेस? … अगं, अकरावं पान रिकामं नाहीये! … तुला दिसत नाही म्हणजे नाहीच, असं असतं का? मी लिहिलंय. चार पानं लिहिलीत. … चार. … शपथ.

कुठे म्हणजे? इथेच. आईच्या टॅबलेटवर. … ऐक ना. मागच्या महिन्यात भाऊजी आले होते, तेव्हा त्यांनीच एक बटण दाबून दिलं होतं. नेट नसलं तरी आपली पुस्तिका उघडते, लिहिता येतं, आणि नेट आलं की आपोआप तुझ्याकडे येतं. … विचार त्यांना. शेजारीच बसलेत ना? मला कपात चमचा फिरवल्याचा आवाज येतोय.

तूच सांगत फिरतेस ना, आमची पुस्तिका वर ढगात आहे, कुठूनही उघडते म्हणून? तर माझी चार पानं अजून वर गेली नाहीयेत. जेवणाच्या टेबलावर आहेत. एवढाच फरक.

आईला? छे! तिला कशाचा पत्ता नाही. मी सांगितलंय, दुकानातल्या चष्म्यांच्या फ्रेमची यादी करतेय. … विश्वास बसला की. आज सकाळी उलट म्हणाली, यादी चांगली करतेस, आकडे तेवढे तपास. … टॅबलेटवर ती फक्त पोहण्याच्या शर्यती बघते, आणि नेट गेल्यापासून त्याही बंद. … कुलूपबिलूप काही नाही. कशाला हवंय? घरात आम्ही दोघीच. … तलावावर गेलीये. शेवटचा वर्ग ना आज तिचा. चौतीस वर्षं झाली, तरी आजसुद्धा दहा मिनिटं आधी गेली. येईल चारपर्यंत.

खरं सांगू? नेट गेलं ते बरंच झालं. … चिडू नकोस, ऐक. तू त्या पानावर नसलीस ना, की मला लिहिता येतं. … तुझी ती पडद्यावरची हिरवी काठी, कर्सर का काय ती! मी एक शब्द टाकला की टुकटुक करत येऊन उभी, वर तुझं नाव. मी 'आई कडक आहे' लिहिलं, बोट उचलायच्या आत तू 'शिस्तप्रिय' केलंस. … आठव. मग मी 'ओरडते' लिहिलं, तर तू 'मार्गदर्शन करते' केलंस! … अगं, आईचं मार्गदर्शन चौकापर्यंत ऐकू जातं.

तर तीन दिवस काठी नव्हती, मी आपली लिहीत सुटले. खाडाखोडही माझी मीच केली. इतकं छान वाटलं ना, काय सांगू… काय?

काय केलंस? … परत बोल. … कधी? काल? … माझं अख्खं अकरावं पान?

मी काही पाठवलं नाही म्हणून पुसून टाकायचं? … होत्या ना पहिल्या चार ओळी तिथे! … मग काय टाकलंस त्या जागी? वाच. … 'धाकटी मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते.' … पुढे? … एवढंच? ताई, असं बँकेच्या अर्जावर लिहितात गं.

लोक हसतील? का हसतील? … नाही, तू बोल ना स्पष्ट. … पोहायला शिकवणाऱ्या बाईंची मुलगी आणि तिलाच पोहता येत नाही, म्हणून. आईचं हसं नको, शेवटच्या दिवशी तरी. … हं. … नाही, मला राग नाही आला. … आलाय. थोडासा आलाय.

भाऊजी काय म्हणतायत मागून? … दे त्यांच्याकडे. … हां भाऊजी, बोला. … हो, त्या चार ओळींच्या मधेच लिहीत गेले मी सगळं. … हं. … हं. … म्हणजे नेट आलं की ताईने पुसलेलं इकडे येणार, आणि त्या ओळींबरोबर माझी चारही पानं… जातील? … 'बहुतेक' म्हणजे काय भाऊजी? तुम्ही जन्मभर कॉम्प्युटरचं काम केलं आणि मला 'बहुतेक' सांगता?

म्हणजे आता नेट यायला नको. … अगं बाई! खड्ड्यातला तो तर म्हणत होता, झालंच. धरा, धरा फोन, खिडकीपर्यंत पोचते वायर. … अहो! अहो खड्ड्यातले दादा! थांबा! … जोडू नका! … नको! नेट नकोय! … हो, मीच म्हणत होते. सकाळपासून म्हणत होते. चहा देऊन देऊन म्हणत होते. … तीन कप, हो, मोजताय काय? … फक्त पाच मिनिटं! … दोनच तारा राहिल्यात? मग त्या दोन हातात धरून बसा जरा! … आजी, तुम्ही मधे पडू नका हो, तुमची मालिका कुठे पळून जात नाही!

हॅलो भाऊजी? थांबवलंय. तो बिचारा कपाळाला हात लावून बसलाय. समोरच्या आजी गॅलरीतून माझा उद्धार करतायत. आता पटकन सांगा, काय करू? … टॅबलेटवर? … विमानाचं चित्र? दिसतंय. … ते दाबलं की याच्यापुरतं नेट बंद? गल्लीत आलं तरी? … बस? एवढंच? … आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? माझा गल्लीभर तमाशा होऊन गेल्यावर?

दाबलं. … दादा! अहो दादा! जोडा! … हो, आता हवंय. … नाही, मी बरी आहे. तुम्ही जोडा.

पुढे? … पहिल्या शब्दावर बोट दाबून धरायचं… धरलं. … शेवटपर्यंत ओढायचं… अय्या, सगळं निळं झालं. … कॉपी. … नवीन फाइल. नाव काय देऊ? 'फ्रेमची यादी' देते, आईने बघितलं तरी प्रश्न नको. … पेस्ट. … आली! भाऊजी, आली चारही! तुम्ही या घरचे जावई शोभता खरे. मघाचं 'बहुतेक' माफ. … द्या ताईला.

ताई, वाचली माझी पानं. पाठवते आता, अकराव्या पानावर टाक. … का नाही? … जागा नाही? तुझ्या पदकांना सहा पानं आहेत ताई. … मी मोजायला गेले नव्हते, दिसतात ती. … ते दुखवायला नाही म्हटलं. पदकं तू मिळवलीस, सगळ्यांना अभिमान आहे, मला तर आहेच. पण मीही तिचीच मुलगी आहे. चष्म्याच्या दुकानातली असले म्हणून काय झालं?

मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? … तो स्वेटर सोड. स्वेटरशिवाय. … मग हे एवढं एकच मागते. … न वाचताच नाही म्हणू नकोस. मी वाचून दाखवते, मग ठरव. एक अट, मधे बोलायचं नाही. … 'हं'सुद्धा नाही. काठी खाली ठेव तुझी. … ठेवलीस? हां.

'आमच्या आईने अर्ध्या गावाला पाण्यात ढकललंय. डॉक्टर, पोस्टमास्तर, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे तिचे ढकललेले. मला मात्र तिने कधी ढकललं नाही. मी चौतीस वर्षं काठावर बसून आहे.' … बोलायचं नाही ठरलंय ना?

'पहिल्यांदा बसले तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ताई सहा. आईने ताईला खोल बाजूने उडी मारायला सांगितलं. आईच्या तोंडात शिट्टी. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काळीजच नाही. एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात माझा हात. लोक म्हणायचे, धाकटी घाबरट आहे, म्हणून आईने धरून ठेवलंय.'

पाणी पिते एक घोट. … आहे ना वेळ? … 'ताई पाण्यात गेली आणि माझा हात आवळला गेला. इतका, की मी कळवळले. वर बघितलं तर शिट्टीच्या मागे आईचे ओठ हलत होते. ती मोजत होती. ताईचं डोकं वर आलं तेव्हा आई ओरडली, पाय सरळ ठेव! आणि मग कुठे माझा हात सुटला. तळहातावर चार नखांच्या खुणा होत्या.'

'पुढे ताईने हजार उड्या मारल्या असतील. आईने मला कधी शाबास म्हटलं नाही, असं ती अजून म्हणते. पण ताई, तू पाण्याखाली होतीस. तुला दिसलं नाही. तुझी शाबासकी दर वेळी माझ्या हाताला मिळायची.'

…

ताई? … आहेस ना? … हॅलो? … भाऊजी? ती कुठे गेली? … रडतेय? … तिथेच बसून? … मग रडू दे तिला. तुम्ही रुमालबिमाल द्या, उगाच समजूत घालायला जाऊ नका, तिला आवडत नाही.

ताई, अगं, नको ना. मलाही येतं मग. … मला काय ठाऊक तुला माहीत नव्हतं ते! मला वाटायचं, घरात सगळ्यांनाच माहितीये. … मी कधी बोलले नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस, आणि तुझ्यासमोर माझं वाक्य पुरं कधी होतं? … बरं बरं. नाक पूस. अजून आहे.

'आई दर वेळी दहापर्यंत मोजायची. दहा नाही, सतरा. थोरली मुद्दाम खाली बसून राहायची.' … थांब.

थांब थांब थांब. हे काय आहे? … 'दहा नाही, सतरा.' हे मी नाही लिहिलेलं. … अगं, मी 'दहापर्यंत मोजायची' लिहिलं आणि पुढे तलावाच्या पायऱ्यांचं. मधलं हे माझं नाहीच. … तूच घुसवलंस ना? … मग कुणी? … हो, खरंच की, तू कशी लिहिशील? तीन दिवस इथे नेटच नाही. बाहेरून मुंगी येऊ शकत नाही या पानावर.

भाऊजी काय म्हणतायत? … ज्याच्या हातात टॅबलेट, त्यानेच लिहिलं. … माझ्या हातात टॅबलेट होता. आणि मी दुकानात गेले की तो इथे टेबलावर… आणि घरात…

अगं आई गं!

ताई. ताई, 'आकडे तेवढे तपास.' सकाळी म्हणाली ना ती मला! मला वाटलं, फ्रेमचे आकडे! चष्मा लावून बसली होती टॅबलेट घेऊन, मी विचारलं काय करतेस, तर म्हणे, तुझी यादी वाचतेय. आणि मी तिला म्हटलं, वाच वाच, कंटाळा येईल! … हसू नकोस गं!

पण सतरा? खरंच बसायचीस तू खाली मुद्दाम? … का? … काय? … आई उडी मारून आत येते का, ते बघायला? ताई! अगं वेडे! तिकडे तिचा जीव जात होता आणि इकडे माझा हात! … सहा वर्षांची होतीस, मान्य. पण बाराव्या वर्षीही? … धन्य आहेस. म्हणजे तू तिची वाट बघायचीस आणि ती तुझी. आणि मधल्या मधे माझी बोटं.

अजून कुठे काही लिहिलंय का, बघते हं. … हे माझं… हेही माझं… पायऱ्यांचं आहे… शिट्टीचं आहे… शेवटाला… आहे. खाली आहे आणखी. …

…

नाही, आहे मी. वाचतेय. … थांब ना जरा. … नाही, वाईट नाहीये काही. वाचवत नाहीये, एवढंच. … बरं, वाचते. 'धाकटीला शिकवायचं राहून गेलं, असं सगळे म्हणतात. राहून गेलेलं नाही. थोरली खाली गेली की मला धरायला एक हात लागायचा. चूक माझी. धाकटीची नाही.'

… हो. असंच लिहिलंय. 'चूक माझी. धाकटीची नाही.' … इतकी वर्षं मला वाटायचं, मी भित्री म्हणून ती मला सोडून देते. चारचौघांत विषय निघाला की मी आपली चहा टाकायला आत जायची. …

अजून दोन ओळी आहेत. 'आता मी मोकळी आहे. धाकटीने सोमवारी सकाळी सहाला यावं. उशीर चालणार नाही.' … हो ना! त्यातही हुकूमच!

ताई, वाजले किती? … पावणेचार! अगं, विमान काढते! … काढलं. आलं बाई नेट, दादांनी जोडलं. … तुझ्याकडे टाकली, दिसली फाइल? 'फ्रेमची यादी.' … हो, तीच. … खरंच टाकतेस? सगळं? … आईच्या ओळीही? मग आहेत तशाच टाक. शिस्तप्रिय करायला जाऊ नकोस त्यांना. … काय? पदकांची चार पानं काढतेस? अगं, चार नको, दोन काढ. … बरं, तुझी पदकं, तुझी मर्जी.

हे काय, आली तुझी काठी. हिरवी. … आईच्या ओळीवर का उभी आहे? हात लावायचा नाही म्हटलंय ना! … नुसतीच उभी आहेस? … बरं. राहा उभी. मीही इथेच आहे.

पाठवलीस? … मिळाली म्हणाले ते? … हुश्श! कसं मोकळं मोकळं वाटतंय. भाऊजींना म्हणावं, उद्या पहिली प्रत तुम्हाला. दुसरी खड्ड्यातल्या दादांना.

सोमवारी? … जाईन ना. भीती वाटतेच आहे, खोटं कशाला बोलू? पण जाईन. आणि ताई, मला एक सांग. मी आत गेले तर काठावर आईचा हात कोण धरणार? … नाही, मी गमतीने विचारलं. … काय? … तू? … अगं, ऑफिस? … रजा काढशील? माझ्यासाठी? … म्हणजे आईसाठी. बरं, दोघींसाठी. … तू काठावर आणि मी पाण्यात! गाव गोळा होईल बघायला.

आली वाटतं आई. फाटकाशी ओरडतेय कुणावर तरी… दादांवर. खड्ड्यातून वर चढताना पाय कुठे ठेवायचा ते सांगतेय. … हो, मार्गदर्शन करतेय!

ऐक, एक सांगून ठेवते. पहिली चार-पाच सेकंद कळत नाही, मग दुखायला लागतं. ती जोरात धरते. आणि नखं लागतात हं ताई, मागाहून म्हणशील सांगितलं नाहीस… अगं आई! कधी आलीस आत? … काही नाही, ताईचा फोन आहे. … यादी? झाली ना. … हो आई, आकडे तपासले. सतराच बरोबर आहे.

ताई? … आईने माझ्याकडे बघितलं नुसतं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. … चल, ठेवते आता. नेलकटर कुठे आहे, विचारतेय.